नियमाला लावलेली चाल

निरर्थक कवितेला चाल लावायची म्हणजे नेमकी कशाला लावायची? एरवी संगीतकाराला कवितेतला भाव हात देतो. विरह असेल तर स्वर रेंगाळतात, उत्सव असेल तर लय उडती होते. पण जिथे शब्द व्याकरणाचे सगळे नियम पाळतात आणि अर्थाला मात्र वाटाण्याच्या अक्षता लावतात, तिथे त्याने काय धरून चालावे? युरोपातल्या चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे मोजक्या गायक-वादकांसाठी लिहिलेल्या संगीतात, या प्रश्नाला वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत.

मोत्सार्टचे उत्तर थट्टेचे होते. 'ज्युपिटर' सिंफनी पूर्ण करून महिना उलटायच्या आत, २ सप्टेंबर १७८८ रोजी, त्याने आपल्या वहीत तीन आवाजांच्या एका कॅननची नोंद केली. शब्द दिसायला लॅटिन, पण वाचून काही बोध होत नाही. गंमत कळते ती गायल्यावर. योहान पायर्ल या गायक मित्राचे बव्हेरियन उच्चार इतके जाड होते, की त्याच्या तोंडून ते लॅटिन अस्सल जर्मन शिवी होऊन बाहेर पडे, असे सांगतात. कॅननमध्ये तीच ओळ एकामागून एक गायक उचलतो, त्यामुळे शिवीही फेर धरून परत येते. इथे निरर्थकता हा नुसता बुरखा आहे. खाली अर्थ जागाच आहे आणि कोडे सुटले की खेळ संपतो.

विसाव्या शतकात बुरख्याखालचा अर्थही गेला. २४ जानेवारी १९२२ रोजी लंडनमध्ये सिटवेल या साहित्यिक भावंडांच्या दिवाणखान्यात 'फसाड'चा पहिला खासगी प्रयोग झाला. संगीत विल्यम वॉल्टनचे. वय वर्षे १९. समोर चेहरा रंगवलेला पडदा, त्या चेहऱ्याच्या तोंडातून बाहेर आलेला कर्णा, आणि पडद्यामागून त्या कर्ण्यातून स्वतःच्या कविता म्हणणारी ईडिथ सिटवेल. ती गात नव्हती, बांधलेल्या लयीत बोलत होती. पोल्का, टँगो, फॉक्सट्रॉट अशा नाचांच्या ठेक्यावर शब्द इतक्या वेगाने धावतात, की वाक्याचा अर्थ लावायला उसंतच मिळत नाही. पुढच्या वर्षी जाहीर प्रयोगात लोकांनी नाके मुरडली, तरी वॉल्टनने एक गोष्ट पक्की केली होती: अर्थ सुटला तरी लय हाती राहते. पण खेळ अजून कवितेतच होता. वाद्ये त्याला, गवयामागे तबलजीने धरावा तसा, ठेका धरून होती.

हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेतीने १९६२ साली 'आव्हांत्यूर'मध्ये शब्दच काढून टाकले. तीन गायक, सात वादक आणि कोणत्याच भाषेत नसलेली अक्षरे. गायकांनी कोणता ध्वनी कसा काढायचा, हे स्वरलिपीत उच्चारशास्त्राच्या खुणांनी लिहिलेले. ते कुजबुजतात, फिदीफिदी हसतात, चिडतात, लाडीगोडी लावतात, आणि एक अक्षर न समजता आपल्याला भांडण कळते, आर्जव कळते. संगीताला भाषेची गरज नाही, आवाजातला हावभाव पुरतो, हे इथे सिद्ध झाले.

तराणा ऐकत वाढलेल्या कानाला त्यात फार नवल वाटणार नाही. 'तोम', 'तन', 'दिर दिर' यांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मैफली रंगल्या. अमीर खाँसाहेबांनी त्या बोलांत फार्सी अर्थ शोधला हे खरे, पण मैफलीतला श्रोता त्या अर्थाची वाट पाहत बसत नाही. त्या अक्षरांनी अर्थाचे वचन दिलेलेच नसते. नॉन्सेन्स कविता मात्र वचन देते आणि मोडते. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी, यमक चोख, आणि शेवटी हाती भोपळा. हसू येते ते या फसवणुकीचे. म्हणून तिचे शब्द शब्दांसारखे ऐकू यायलाच हवेत. ते पार विरघळले की तराणा होतो. तो कितीही सुंदर असला तरी विनोद हरवतो.

लिगेतीलाही हे जाणवले असावे, कारण १९८८ ते १९९३ या काळात तो पुन्हा शब्दांकडे आला. किंग्ज सिंगर्स या सहा पुरुष गायकांच्या संचासाठी त्याने सहा 'नॉन्सेन्स मॅड्रिगल्स', म्हणजे अनेक आवाजांत गुंफलेली गाणी, लिहिली. पहिल्यात विल्यम रँड्स या व्हिक्टोरियन बालकवीची दोन स्वप्ने आहेत: एक सेव्हन-ओक्सच्या मुलीचे, दुसरे नाइन-एल्म्सच्या मुलाचे. ठिकाणांच्या नावांतले आकडे कवितेत पसरतात. तिच्या स्वप्नात सगळे सात-सात, त्याच्या स्वप्नात नऊ-नऊ. लिगेती ही दोन्ही स्वप्ने एकाच वेळी गायला लावतो आणि वर 'ॲलिस'कर्त्या लुईस कॅरलच्या वटवाघळाचे विडंबनगीत सोडतो. तिसऱ्या मॅड्रिगलमध्ये तर कविताच नाही, फक्त इंग्रजी मुळाक्षरे आहेत, तीही गंभीर स्वरमेळांत.

शेवटच्या मॅड्रिगलमध्ये, ॲलिसला उंदराने सांगितलेल्या गोष्टीत, त्याने कॅरलचाच शब्दसाखळीचा खेळ गुंफला. १८७७च्या नाताळात कॅरलने रचलेल्या या खेळात एका वेळी एकच अक्षर बदलत एका शब्दावरून दुसऱ्यावर पोहोचायचे. उदाहरणार्थ, 'हेड'पासून 'टेल'पर्यंत, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत. बाकीचे सगळे तसेच ठेवून एकच घटक हलवत नेणे, ही तर संगीतरचनेचीही जुनीच पद्धत. इथे साथसंगत संपते आणि कवितेने घालून घेतलेला नियम गाणे स्वतः पाळू लागते. अर्थाला चाल लावता येत नसेल, तर नियमाला लावता येते.

हा धागा त्याची शिष्या उन्सुक चिन यांनी पुढे नेला. सोप्रानो आणि छोट्या वाद्यवृंदासाठीच्या त्यांच्या १९९१च्या 'अक्रोस्टिखॉन-वोर्टश्पील'मध्ये मिखाएल एंडे आणि कॅरल यांच्या पुस्तकांतले शब्द उलटे म्हटले जातात, स्वर-व्यंजने सुटी करून पुन्हा जोडली जातात. म्हणजे शब्दांचा खेळ आता संगीतकाराच्या टेबलावरच सुरू होतो. लिगेतीच्या मनात ॲलिसवर ऑपेरा करायचा होता, तो राहून गेला. चिन यांचा ॲलिस २००७ साली म्युनिकमध्ये रंगमंचावर आला.

सगळे नॉन्सेन्स मात्र परक्या कानापर्यंत पोहोचत नाही. लिगेतीने २००० साली हंगेरियन कवी शांडोर व्यॉरेशच्या कवितांवर एक गायिका आणि चार तालवादक यांच्यासाठी गाणी केली. त्यांतल्या एका नृत्यगीताचे शब्द हंगेरियन वाटतात, पण कोणत्याही कोशात नाहीत. ते हंगेरियन 'वाटणे' हंगेरियन कानालाच कळणार; आपल्यासाठी तो पुन्हा तराणाच. पहिल्या मॅड्रिगलमधली सात आणि नऊ यांची ओढाताण मात्र इंग्रजी न येणाऱ्यालाही पकडता येते. विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश'सारख्या कवितांना उद्या कुणी चाल लावायला बसले, तर भाव कोणता, राग कोणता हे ठरवण्याआधी त्याने कवितेत कोणता नियम हट्टाने पाळला आहे ते शोधावे. तो सापडला नाही, तर चाल कितीही गोड झाली तरी ती कवितेच्या शेजारी बसेल, तिच्याशी खेळणार नाही.