न वापरतां सरलेलें

बसून खाणाऱ्याला डोंगरहि पुरत नाहीं, हें आपण मुलांना सांगत आलों आहों. परंतु कोणी बसून खाल्लें नाहीं, कोणी उचलून नेलें नाहीं, आणि तरीहि डोंगर सरला, तर दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा? ‘मीं कांहींच केलें नाहीं’ हा बचाव नीतीच्या दरबारांत कितपत टिकतो, हा प्रश्न त्यांत दडलेला आहे. तो मी एका बॅटरीवरून मांडणार आहें. वाचकांनीं हंसण्याची घाई करूं नये.

पालघरच्या पश्चिमेस असलेलें सातपाटी हें पापलेटासाठीं नांवाजलेलें मच्छीमारांचें गांव. ज्या चंदेरी पापलेटाला २०२३ सालीं महाराष्ट्रानें राज्यमाशाचा मान दिला, तें धरणाऱ्या येथील नौका पावसाळ्यांत मात्र समुद्राकडे पाठ करून बसतात. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या काळांत नौका शाकारून ठेवितात. इंजिन, जाळीं, माणसें, सर्वांनाच विसांवा. आतां अशी कल्पना करा कीं, बंदी उठली आहे, डिझेल, बर्फ आणि शिधा वर चढला आहे, तांडेल कळ फिरवितो आणि इंजिन एकदां कण्हून गप्प बसतें. बॅटरी उतरलेली. मालक विचारतो, ‘दिवा कोणीं चालू ठेवला होता?’ खलाशी म्हणतो, ‘नाखवा, मीं हातसुद्धां लावला नाहीं.’ मालकाचा खोळंबा खरा आहे. खलाशाचें बोलणेंहि खरें असूं शकतें. तरी बॅटरीची किंमत खलाशाच्या हिशेबांतून कापण्याचा मोह मालकाला होणारच.

येथें न्याय करावयाचा तर आधीं बॅटरीची प्रकृति समजून घेतली पाहिजे. शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी सर्व तारा सोडवून कांहीं तास स्वस्थ ठेविली, तर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. परंतु तारा सोडविल्या तरी ती महिन्याकाठीं कांहीं टक्के उतरतेच. उष्मा अधिक, तर उतारहि अधिक. हा निसर्गाचा वांटा होय. याबद्दल कोणालाहि जाब विचारतां येत नाहीं. याहून निराळा वांटा छुप्या गिऱ्हाइकांचा. वायरलेसचा संच, वाट दाखविणारें यंत्र, एखादें घड्याळ, खाऱ्या ओलीनें मळ धरलेला एखादा जोड, यांपैकीं कोणी ५० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा विसावा भाग, घेत असला तर तो कोणाच्या खिजगणतींतहि नसतो. पण दिवसाला हे १.२ अँपिअर-तास झाले, आणि ६१ दिवसांत ७३! शंभराच्या बॅटरींतून पाऊणशेच्या घरांत ऐवज गेला. आणि गांवांत चोर कोणी शिरला नाहीं.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. ऋण टोंकाची तार सोडवून तिच्या वाटेंत मीटर जोडावा, आणि सर्व कांहीं बंद असतांना एकेक फ्यूज काढीत जावें. ज्या फ्यूजबरोबर आंकडा खालीं येईल, त्या वाटेवर चोरवाट आहे. सर्व तारा सोडवूनहि बॅटरी चार दिवसांत उतरूं लागली, तर ती स्वतःच जीर्ण झाली आहे. या रीतींतील क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधीं निसर्गाचा वांटा वजा करावयाचा, मग गळतीची जागा पाहावयाची, आणि माणूस सर्वांत शेवटीं. आपण व्यवहारांत नेमके उलट चालतों. तोटा दिसतांच माणूस धरतों, आणि कारण त्याच्या तोंडून वदवितों.

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागांत सद्‌गुण अंगीं असणें आणि तो आचरणें यांत भेद केला आहे. सद्‌गुण झोंपलेल्या माणसाच्या ठायींहि असूं शकतो, असा त्याचा आशय. झोंपेंत तो सरतो कीं काय, हें तेथें त्यानें विचारलेलें नाहीं. गीतेच्या चौथ्या अध्यायांतील अकर्म म्हणजे नुसतें हात बांधून बसणें नव्हे, हा विचार विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांतील प्रवचनांत विस्तारानें मांडला आहे. बॅटरीच्या निमित्तानें एवढेंच म्हणतां येईल कीं, स्वस्थ बसण्याचे दोन प्रकार आहेत: तार सोडवून बसणें आणि तार जोडलेली ठेवून बसणें. दुसऱ्या प्रकारांत आज कोणी कांहीं करीत नाहीं हें खरें. पण पूर्वीं केव्हां तरी, बहुधा चांगल्याच हेतूनें, केलेली जोडणी रात्रंदिवस काम करीत असते. तेव्हां तार सोडविण्याचें काम ज्याच्याकडे सोंपविलें होतें, त्याचा बचाव लटका पडतो. तें कोणाकडेच सोंपविलें नसेल, तर खलाशाचा पगार कापणें हा न्याय नसून सोय आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

घराघरांतहि हेंच दिसतें. दोन भाऊ वीस वर्षें एकमेकांना उणा शब्द बोललेले नसतात, आणि तरी एके दिवशीं दोघांत बोलण्यासारखें कांहीं उरत नाहीं. यांतला बराच भाग अंतराचा, वयाचा, संसाराचा असतो; त्याबद्दल कोणी कोणास बोल लावूं नये. परंतु वांटणीच्या वेळची एखादी बारीक अढी आंत जोडलेली राहिली असेल, तर ती लग्नकार्याच्या गडबडींत सांपडत नाहीं. सर्व शांत असतांनाच तिचा शोध घ्यावा लागतो. शिवाय विलंब केलेला चालत नाहीं. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर पत्र्यांवर बसलेले क्षार कठीण होतात, आणि मग कितीहि भरली तरी ती पूर्वींइतकी भरत नाहीं. युरोप-अमेरिकेंत चाकांवरचीं घरें हिंवाळाभर उभीं करून ठेवितात. तेथें थंडीनें आपोआप होणारा उतार मंदावतो खरा, पण बॅटरी रिकामी झाली कीं आंतलें आम्ल पाण्यासारखें पातळ होऊन गोठतें आणि कवच फुटतें.

मग सरसकट सर्व तारा तोडाव्यात काय? तसेंहि नाहीं. खाडींत तरंगत ठेविलेल्या नौकेच्या तळांत पावसाचें पाणी सांचतें. पाणी चढलें कीं आपोआप सुरू होणारा उपसा-पंप बसविलेला असेल, तर तोहि याच बॅटरीवर चालतो. जुलैच्या मुसळधारेंत त्यानें बॅटरी संपविली असेल, तर ती नौका बुडूं न देण्यांत संपली. खलाशाच्या नांवावर रक्कम लिहिण्यापूर्वीं मालकानें एकदां तळाशीं वांकून तेथें पाणी किती आहे तें पाहावें.