शाबासकी आणि कदर

वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एका रात्री वाचन संपल्यावर नोकरीला नुकत्याच लागलेल्या एका तरुणाने प्रश्न विचारला. त्याचे म्हणणे असे की, कचेरीत टिपण आपण तयार करतो, सही दुसऱ्याची होते आणि वाहवा तिसऱ्याची होते. काम चांगले झाले तर कोणी काही बोलत नाही. चुकले तर मात्र ‘कोट्यातला आहे’ हे शब्द लगेच कानावर पडतात. मग आपल्या कामाची कोणी दखल घ्यावी असे वाटणे ही तृष्णा आहे काय? असेल तर ती धम्माप्रमाणे सोडून द्यावी काय?

एका वयोवृद्ध उपासकांनी उत्तर दिले की, निंदा आणि स्तुती हे लोकधर्म आहेत, त्यांनी हलू नये. हे उत्तर चुकीचे नाही. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख हे आठ लोकधर्म तथागतांनी सांगितले आणि शहाणा माणूस त्यांत वाहून जात नाही असेही सांगितले. पण हे उत्तर अर्धे आहे. ज्याला स्तुती मिळत नाही त्याने काय करावे एवढेच त्यातून कळते. ज्याने ती द्यायची आहे आणि जो ती देत नाही, त्याचे काय? भुकेल्याला संयम शिकवणे ठीक आहे. पण तेवढ्याने धान्य अडवून बसणारा निर्दोष ठरत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक शाबासकी आणि दुसरी कदर. शाबासकी वरून खाली येते. ती देणाऱ्याचे काही कमी होत नाही, घेणाऱ्याची जागा बदलत नाही. बैलाच्या पाठीवरही थाप मारतात. कदर म्हणजे त्या कामामागे एक पूर्ण माणूस आहे, त्याला बुद्धी आहे, मत आहे, वरची जागा सांभाळण्याची ताकद आहे, हे मान्य करणे. आमच्या समाजाला शाबासकी अधूनमधून मिळत आली आहे. कदर मात्र दरवेळी झगडून घ्यावी लागली.

पाळवणकर बाळू यांचे उदाहरण घ्या. चांभार समाजात जन्मलेला हा माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानावर रोलर फिरवण्याच्या कामावर होता. तेथील गोरे खेळाडू सरावाला आले की बाळूंनी त्यांना चेंडू टाकायचे. ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला बाद केले की बाळूंना आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. ही शाबासकी. पुढे त्यांची गोलंदाजी पाहून हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. संघ जिंकू लागला. पण मैदानावर ज्याच्या हातचा चेंडू चालत होता, त्याला चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेथे बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. वर्तमानपत्रांनी तोंड भरून स्तुती केली. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. सर्वांत जास्त बळी घेणारा माणूस हाताखाली खेळेल, हुकूम देणार नाही, असाच त्याचा अर्थ होता. १९२० साली या अन्यायावरून पाळवणकर बंधूंनी संघातून अंग काढून घेतले, मोठा गवगवा झाला, आणि १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या हाती कर्णधारपद आले. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. त्यांचे राजकारण आपल्याला पटो वा न पटो, मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे कमी होत नाही.)

गिरण्यांतही हेच होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्यात पगार चांगला होता. पण धोट्यात सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तेथे प्रवेश नव्हता. तो कमी पगाराच्या खात्यात राबे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. एकीच्या घोषणा देणाऱ्यांनाही तो आधी दिसला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. खुद्द बाबासाहेब १९१७ साली अमेरिकेतील शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीत गेले, तेव्हा त्यांची विद्या दरबाराला हवी होती. पण त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. विद्येची कदर झाली म्हणजे विद्वानाची झाली असे होत नाही.

काही वेळा तर मान हा शब्दच मोबदल्याच्या जागी वापरला जातो. महार वतन हे त्याचे जुने उदाहरण. गावाची सांगीसोवारी, राखण, मेलेली गुरे ओढणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे ही सगळी राबणूक. पण तिला ‘हक्क’ आणि ‘मान’ असे नाव होते. घरातील कर्ता आजारी पडला तर बायको-मुलाने जायचे, दिवस-रात्र केव्हाही. बदल्यात तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागून आणलेले बलुते. आपल्यातील कित्येक वडीलधाऱ्यांना हा मान सोडवत नव्हता. १९२८ पासून बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्याविरुद्ध झगडा सुरू केला, तेव्हा त्यांचे सांगणे हेच होते की हा मान म्हणजे गुलामगिरीची साखळी आहे. ती वतने कायद्याने जाण्यास १९५८ साल उजाडले.

वतन गेले, पण ही रीत गेली असे म्हणता येईल काय? २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता सबंध देशाने गॅलरीत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्या डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार यांच्यासाठी होत्या. त्यांत आशाताईही आल्या, ज्या घरोघर जाऊन रोग्यांची नोंद करीत होत्या. दुसऱ्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. सन्मान जगाचा मिळाला, पण दर्जा स्वयंसेविकेचाच राहिला. अंगणवाडी सेविकेला जे मिळते त्याला ‘मानधन’ म्हणतात. मान आणि धन या दोन शब्दांची ही जोडणी मला नेहमी संशयास्पद वाटते. धन पुरेसे द्यायचे नसले की पुढे मान लावायचा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला. मला विचाराल तर ही थाळीपेक्षा मोठी कदर आहे. गटारात उतरून मेलेल्या माणसाची कदर मात्र मेल्यावरच होते: २०१४ साली न्यायालयाने त्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये ठरवले, २०२३ साली तीस लाख. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला होता आणि २०१३ साली पुन्हा अधिक कडक करण्यात आला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आता धम्माकडे वळू. राजगृहात सिगाल नावाचा गृहपतिपुत्र सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला सांगितले की, दिशा म्हणजे माणसे. आईवडील, आचार्य, पत्नी, मित्र, नोकर-कामगार आणि श्रमण. कामगार ही खालची दिशा. पण तिलाही नमस्कार आहे, हे विसरू नये. त्या दिशेबद्दल मालकाची पाच कर्तव्ये सांगितली: ताकद पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, घरी काही विशेष गोडधोड झाले तर त्यातला वाटा देणे, आणि वेळेवर विश्रांती देणे. कामगारानेही पाच गोष्टी करायच्या आहेत, त्यांत मालकाबद्दल बाहेर चांगले बोलणे ही एक आहे.

ही यादी मी पुष्कळदा वाचली आणि एक गोष्ट लक्षात आली. चांगले बोलणे हे कामगाराच्या वाट्याला आले आहे, मालकाच्या यादीत ते नाही. मालकाला तथागत ‘स्तुती कर’ असे सांगत नाहीत. त्याच्याकडून शब्द नको आहेत, व्यवस्था हवी आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचे गोड शब्द स्वस्त असतात, हे तथागतांना पुरते ठाऊक असले पाहिजे. आणि गोडधोडाचा वाटा ही किरकोळ बाब नाही. एकाच पातेल्यातले पक्वान्न मालकाने खाल्ले आणि कामगारानेही खाल्ले, तर बाळूंच्या मातीच्या भांड्याला जागाच उरत नाही.

याचा अर्थ धम्मात स्तुतीला स्थान नाही असाही नाही. मात्र ती कशी असावी हे पाहण्यासारखे आहे. तथागतांनी आपल्या एकेका शिष्याचे नाव घेऊन त्याचा विशेष गुण सांगितला, त्याची यादी अंगुत्तर निकायात आहे. विनय जाणणाऱ्यांत अग्र कोण, तर उपाली, जो जन्माने न्हावी होता. बहुश्रुत उपासिकांत अग्र कोण, तर खुज्जुत्तरा, जी दासी होती. ही मोघम वाहवा नव्हे. गुण नेमका सांगितला आणि त्याप्रमाणे जबाबदारीही मिळाली. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाची उत्तरे उपालीनेच दिली, आणि थोर कुळांतले भिक्खू ती ऐकत बसले होते. महापरिनिर्वाणाच्या वेळी आनंद दाराआड रडत होता. तथागतांनी त्याला बोलावून घेतले, त्याने काया-वाचा-मनाने मैत्रीभावाने किती काळ सेवा केली ते सांगितले, आणि मग सगळ्या भिक्खूंसमोर त्याचे गुण सांगितले. पंचवीस वर्षे पाणी देणाऱ्या, चीवर सांभाळणाऱ्या माणसाची सेवा गृहीत धरली गेली नाही.

म्हणून त्या तरुणाचा प्रश्न तृष्णेचा नाही, न्यायाचा आहे असे मला वाटते. मन हलू देऊ नये हे खरे, पण हक्कही सोडू नये. टिपणावर आपल्या नावाची नोंद राहील असे पाहावे. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा, तो वाईट असो की चांगला, त्याला कळवला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देवदत्त यांच्या प्रकरणात दिला. त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. पण बढतीला ‘अति चांगला’ लागत होता, आणि शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. बढती न मिळाल्यावर ते कळले. आपल्यातील किती नोकरदार आपला अहवाल मागून वाचतात?

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून थांबणे बरे नव्हे. आता आपल्यातही साहेब झाले आहेत, मुख्याध्यापक झाले आहेत, घरी मोलकरीण ठेवणारे झाले आहेत. तिचा कप वेगळा असतो काय, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात जाऊन पाहावे. माझ्या माहितीतील एका शाळेत तीस वर्षे झाडलोट करणाऱ्या बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या फलकावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा शिक्षकांपैकी एकालाही त्यांचे पूर्ण नाव ठाऊक नव्हते. ‘मावशी’ एवढेच सगळ्यांना माहीत. शेवटी सेवापुस्तक उघडावे लागले. त्या शिक्षकांत आपले बांधवही होते.

घरी पाहिले तर हेच आहे. पहिला पदवीधर मुलगा झाला की पेढे त्याच्या नावाने वाटतात. ज्या आईने दुसऱ्याच्या शेतात खुरपून वह्या आणल्या तिला कोणी उभे करून काही सांगत नाही, आणि तीही म्हणते की मी काय केले. १४ एप्रिलला व्यासपीठावर हार कोणाला पडतात आणि रात्री उष्टी भांडी घासायला कोण थांबते, हे सर्वांना ठाऊक आहे. जयंती मंडळाचा जमाखर्च वाचतात तेव्हा अकरा रुपये देणाऱ्याचेही नाव घेतात. त्याच कागदावर स्वयंपाक केलेल्या बायांची, सतरंज्या उचललेल्या पोरांची नावे लिहून ती त्याच आवाजात वाचायला काय हरकत आहे? आणि पुढच्या वर्षीची कार्यकारिणी निवडताना त्या नावांपैकी दोन-तीन घ्यावीत.