मौन म्हणजे संमती नव्हे

परोपकाराच्या भरात माणसाकडून एक चूक सहज घडते. ज्याचे भले करावयाचे, त्यालाच विचारावयाचे राहून जाते. ही चूक गतवर्षी काकडआरतीच्या दिवसांत आमच्याकडून घडली. तिच्यामुळे मनात जो विचार सुरू झाला, तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

एका सभासद कुटुंबातील वीसएक वर्षांचा तरुण आईबरोबर आरतीस येत असे. तो बोलत नाही. त्याच्या स्थितीस स्वमग्नता असे नाव आहे. घंटा आणि झांजा सुरू झाल्या की तो दोन्ही कानांत बोटे घाली, पुढेमागे झुले, कधी मोठ्याने ओरडे. काही मंडळी कुरकुरू लागली. तेव्हा आम्ही तीर्थरूप वडिलांशी व त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून असे ठरविले की, त्यास दुपारी, देऊळ रिकामे असताना आणावे. सर्वांस ही तोड पटली. आम्हांस तर आपण मोठे सत्कृत्य केले असे वाटले. मुलगा दोन दुपारी आला. तिसऱ्या दुपारी पायरीवरच बसून राहिला, आत येईना. पुढे त्याच्या आईने त्याच्यापुढे काही चित्रे मांडली: घंटा, फुले, समई, रिकामा मंडप, माणसांनी भरलेला मंडप. त्याने घंटेचे चित्र दूर सारले आणि माणसांच्या चित्रावर हात ठेवला. त्यास गर्दी सोसत नसेल असे आम्ही गृहीत धरले होते. सोसत नव्हती ती घंटा. आम्ही घंटा तशीच ठेवली आणि माणसे मात्र त्याच्यापासून काढून घेतली! आता तो आरतीच्या वेळी अंगणातील पारावर, जेथे आवाज मंद होतो तेथे, चार जणांबरोबर बसतो.

मौन हे संमतीचे लक्षण, असे आपण म्हणत आलो. त्या मुलाच्या मौनाचाही आम्ही तोच अर्थ लावला होता. हा अर्थ लावण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

स्वमग्नता हा संसर्गाने जडणारा रोग नव्हे. आईबापांच्या चुकीचे फळही नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. अमेरिकेतील वैद्य लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या स्थितीकडे जगाचे लक्ष वेधले. कोणी स्वमग्न माणूस अस्खलित बोलतो, कोणास जन्मभर शब्द फुटत नाही. कोणी नोकरी करतो, कोणास रात्रंदिवस सोबत लागते. 'स्वमग्न' हा शब्दही बाहेरून पाहणाऱ्याने दिलेला आहे. देवापुढे डोळे मिटून बसलेल्यास आपण ध्यानमग्न म्हणून नमस्कार करतो आणि या मुलास स्वमग्न म्हणून त्याची कीव करतो. त्याच्या मनात काय चालले आहे, हे मात्र दोहोंपैकी कोणासही आपण विचारीत नाही.

बोलू-लिहू शकणाऱ्या स्वमग्न प्रौढांनी गेल्या तीन-चार दशकांत हाच प्रश्न जगापुढे मांडला आहे. १९९३ साली जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने आईबापांना उद्देशून 'आमच्यासाठी शोक करू नका' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध लिहिला. मनात कल्पिलेले मूल मिळाले नाही याचे दुःख स्वाभाविक आहे, परंतु त्या दुःखाचे ओझे समोर असलेल्या मुलावर टाकू नये, असा त्याचा आशय. पुढे २००६ साली अमेरिकेत स्वमग्न व्यक्तींनी स्वतःची संघटना उभारली. तिचे एक संस्थापक ॲरी नेमन यांना २००९ साली अध्यक्ष ओबामा यांनी अपंगविषयक राष्ट्रीय परिषदेवर नेमावयाचे ठरविले, तेव्हा मोठा वाद माजला. बोलता येणारा मनुष्य न बोलणाऱ्यांचा प्रतिनिधी कसा, असा आक्षेप होता. पुढल्या वर्षी ती नेमणूक मंजूर झाली. वाद मात्र मिटला नाही.

तो आक्षेप क्षुद्र नाही. ज्या मातेचा मुलगा रात्ररात्र झोपत नाही, भिंतीवर डोके आपटतो, तिला कोणी दूरस्थ विद्वानाने 'स्वीकार करा' असे सांगितले तर तिच्या जिवाची तगमग होणारच. शिवाय आपल्या देशात या मुलांसाठी प्रथम उभे राहिले ते आईबापच. दिल्लीच्या मेरी बरुआ यांनी १९९१ साली संस्था काढली, ती एका स्वमग्न मुलाची आई म्हणून. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते प्रथम आले, आणि त्या न्यासाच्या मंडळात पालकांच्या संघटनांना जागा मिळाल्या, हे योग्यच झाले.

परंतु त्याच कायद्यातील एक कलम सुज्ञांनी लक्षात घ्यावे. स्वमग्न मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणजे त्यास कायदेशीर पालक द्यावयाचा की नाही, हे एक स्थानिक समिती ठरविते. तो कोठे राहील, त्याचा पैसा कोण पाहील, हे सारे त्या निर्णयावर अवलंबून. समितीचे सभासद तीन: जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. अपंग कोण, याची व्याख्या मात्र १९९५ च्या कायद्यातून घेतली होती. म्हणजे ज्या समितीने स्वमग्नांचे भवितव्य ठरवावयाचे, तिच्यातील अपंगांच्या जागेची व्याख्या लिहिताना स्वमग्नतेची आठवणच नव्हती! यात कोणाचा दुष्टावा नव्हता. आमच्या दुपारच्या दर्शनाच्या बेतातही दुष्टावा नव्हता.

२००७ साली भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. अपंगांविषयीचे निर्णय त्यांच्याशी, अपंग मुलांशीसुद्धा, त्यांच्या संघटनांमार्फत विचारविनिमय करून घ्यावे, असे बंधन त्यात आहे. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले, त्यांत स्वमग्नताही आली. राज्याच्या सल्लागार मंडळावर संस्थांच्या वतीने दहा जण घ्यावेत, आणि ते शक्यतो स्वतः अपंग असावेत, असे त्यात म्हटले आहे. प्रकार एकवीस, जागा दहा, आणि वर 'शक्यतो'! जो सभेत उठून बोलत नाही, ज्यास भाषणांचा गोंगाट सोसत नाही, तो या 'शक्यतो'च्या उंबरठ्यावरच अडणार, हे उघड आहे.

आपल्याच मध्य प्रदेशातील महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना हाच मुद्दा मांडला होता. एखाद्या समाजाची मते दुसऱ्याने मांडणे पुरेसे नाही. त्या समाजाची माणसे स्वतः सभेत असली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. दोन्ही प्रश्न निराळे आहेत, त्यांची तुलना ताणू नये. परंतु सहानुभूती असलेला दुसरा मनुष्य प्रतिनिधी होऊ शकतो काय, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. जनकाच्या यज्ञाकडे निघालेल्या त्या वक्रदेही बालकास द्वारपालाने अडविले. आत वृद्ध विद्वानांसच प्रवेश, मुलांस नाही, असे सांगितले. जनकाने त्याची योग्यता स्वतः प्रश्न विचारून पारखली आणि त्यास सभेत घेतले. तेथे त्याने बंदीस वादात जिंकले आणि आपल्या पित्यास सोडविले. या कथेत आपण अष्टावक्राची विद्वत्ता वाखाणतो. जनकाकडेही पाहावे. द्वारपालाच्या सांगण्यावर त्याने निर्णय सोडला असता, तर त्या विद्वत्तेचा काय उपयोग होता?

मग आईबापांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही. मुलास काय भरवावे, झटका येण्यापूर्वी त्याचा चेहरा कसा होतो, हे आईच जाणते. घंटेचा नाद कानांत कसा रुततो, हे मात्र ज्याच्या कानांत तो रुतला तोच जाणतो. सभेस दोघेही हवेत. स्वीकार म्हणजे उपचारास नकार असेही कोणी समजू नये. फेपरे येत असेल तर औषध हवेच, चित्रांनी वा अक्षरांनी बोलावयास शिकविणेही हवे. आणि ज्याचे उत्तर शेवटपर्यंत आपणांस उमगत नाही, त्याच्या वतीने आईबापांनीच बोलावे. परंतु आपण अंदाज सांगत आहोत हे स्मरून बोलावे, आणि उद्या त्या मुलाने मान फिरविली तर आपला अंदाज बदलण्याची तयारी ठेवावी.

आपल्या सभासद कुटुंबांस आमची विनंती एवढीच आहे. ज्या घरी असा मुलगा वा मुलगी आहे, तेथे उत्सवाच्या आखणीपूर्वी जाऊन विचारावे. आईबापांस विचारावे आणि नंतर त्या मुलासही विचारावे. शब्दांनी नाही तर चित्रांनी, चित्रांनी नाही तर हाताने ती ती वस्तू दाखवून. उत्तरास वेळ लागेल, तो द्यावा. आमच्या त्या मित्रास उत्तर देण्यास अर्धी घटकाही लागली नव्हती. विचारावयासच आम्हांस पुष्कळ दिवस लागले.