केऑस आणि शून्यसिंहासन

अहमदपूर भागातल्या लिंगायत घरांत मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’चं पारायण होतं, कार्तिक पौर्णिमेला दिंड्या कपिलधारची वाट धरतात. या वळणात वाढलेल्या माणसाला ‘निराकार’ किंवा ‘शून्य’ ऐकून दचकायला होत नाही. इथून फार लांब नसलेल्या बसवकल्याणला, बाराव्या शतकातल्या अनुभवमंटप या लिंगायत संतांच्या धर्मसभेत अल्लमप्रभू ज्या आसनावर बसत, त्याचं नावच शून्यसिंहासन. त्यामुळे पाश्चात्त्य गूढविद्येतल्या ‘केऑस’बद्दल, म्हणजे आदिम गोंधळाबद्दल वाचताना आपला वाचक पटकन म्हणतो, ‘अहो, हे तर आपलंच!’ मला ही घाई वाटते.

पश्चिमेत केऑसला मान मिळायला फार वेळ लागला. बाबिलोनच्या कथेत तिआमत या आदिसागराला मार्दुक चिरतो आणि तिच्या देहातून आकाश-पृथ्वी करतो. म्हणजे जग घडवायचं तर आधी गोंधळाचा वध. ग्रीक हेसिअडकडे केऑस सर्वांत आधी प्रकटतो. त्याच्यातूनच अंधार आणि रात्र जन्मतात, पण तो स्वतः कर्ता नसतो. रोमन कवी ऑव्हिडने त्याचा बेढब, भांडखोर ढीग केला आणि तो निवडायला एक देव नेमला. पुढची कित्येक शतकं हीच समजूत टिकली.

ती उलटी केली किमयागारांनी. सोनं करायचं तर धातू आधी त्याच्या मूळ, बिनरूपाच्या अवस्थेला न्यायला हवा, ही त्यांची श्रद्धा. भांड्यातला माल काळा पडला की ते खूश होत. हाइनरिश खुनराथ या जर्मन किमयागाराने १५९७ साली या आदिद्रव्यावर पुस्तक लिहिलं, तेही केऑसच्याच नावाने. ज्याला मारायचं होतं, ते आता मुद्दाम मिळवायचं झालं. या साऱ्या इतिहासातलं खरं वळण मला इथे दिसतं. पुढच्या मंडळींनी त्यावर इमले चढवले.

त्यातला एक इमला मुंबईमार्गे चढला. फेब्रुवारी १८७९मध्ये थिऑसॉफी या गूढवादी चळवळीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले, त्याच वर्षी ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक तिथून निघू लागलं. तुकाराम तात्या पडवळ त्यांच्यात सामील झाले. ‘जातिभेद विवेकसार’ लिहिणारा आणि तुकोबांची गाथा छापणारा हा माणूस थिऑसॉफीत काय शोधत होता, यावर वेगळा लेख व्हावा. ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८८८च्या ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये विश्वोत्पत्तीच्या श्लोकांआधी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त ठेवलं आणि केऑस, प्रलय, आदिजल सगळं एका माळेत ओवलं. धाडस दांडगं होतं, पण मणी पारखून घेतलेले नव्हते.

१९१३ साली लंडनचा चित्रकार ऑस्टिन स्पेअर याने ‘द बुक ऑफ प्लेझर’ स्वखर्चाने छापलं. देव, ग्रंथ, लांबलचक विधी त्याला नकोत. इच्छा लिहायची, दुबार अक्षरं गाळायची, उरलेल्यांची एक आकृती करायची. आपल्या लिपीत करून पाहा: ‘मला बळ मिळो’मधून काने-मात्रे सोडले तर म, ल, ब, ळ एवढंच उरतं. ती चार अक्षरं एकमेकांत गुंतवून चिन्ह काढायचं, मन रितं करून त्यावर एकाग्र व्हायचं आणि मग इच्छा विसरून जायची. पुढे पीटर कॅरलने १९७८च्या ‘लिबर नल’मधून याचीच ‘केऑस मॅजिक’ केली. केऑस मॅजिकवाल्यांच्या लेखी श्रद्धा हे फक्त अवजार. आज एक वापरा, उद्या दुसरं.

आता इष्टलिंग घ्या. दीक्षेत मिळालेलं लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं, भस्म-बेल वाहायचं आणि त्याच्या काळ्या गुळगुळीत कांतीवर नजर स्थिर करायची. तिथे चेहरा नाही, आयुध नाही. इथेही मन रितंच करायचं आहे, तेही बिनचेहऱ्याच्या आकारावर. तंत्र इतकं जवळचं की फसायला होतं. पण स्पेअर मन रिकामं करतो ते इच्छा बिनअडथळा कामाला लागावी म्हणून. अल्लमप्रभूंच्या वाटेवर इच्छा करणाराच विरतो. तिकडे चिन्ह वापरून विसरायचं, इकडे लिंग जन्मभर अंगावर वागवायचं आणि शेवटी देहाबरोबरच ते समाधीत जातं. आपलं शून्य आणि केऑस एका माळेत ओवले की नेमका हाच फरक बुजतो, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो.

बाकी, व्यवस्थेने दोघांनाही सोडलं नाही. गोंधळाची उपासना करणाऱ्या कॅरलच्या संघटनेत लवकरच दर्जे, पदं आणि बढत्या आल्या. शून्यसिंहासनावरही अल्लमांनंतर चन्नबसवण्णा आणि त्यांच्यानंतर सिद्धराम बसले, असं परंपरा क्रमाने सांगते.