नव्या ॲपवर गाणी ऐकताना

चि. मीनल,


स्पॉटिफाय घेतलंस, हे वाचून बरं वाटलं. पण लगाम आत्ताच हातात घे, नाहीतर महिन्याभरात त्याच त्या चार-पाच गायकांपाशी अडकशील.

तू काय पूर्ण ऐकतेस आणि काय मध्येच सोडतेस, हे बघून ते ॲप पुढचं सुचवत असतं. म्हणून आयतं वाढलेलं बाजूला सार आणि शोधायला स्वतः बस. मल्लिकार्जुन मन्सूर हवेत? रोमनमध्ये नाव दोन-तीन तऱ्हांनी टाईप करून बघ, सोबत रागाचंही नाव घाल. तबल्यावर कोण, पेटीला कोण, हे मात्र तिथे बहुधा सापडत नाही. जुन्या तबकडीच्या वेष्टनावर ते छापलेलं असायचं. साथीदारांवरचा हा अन्याय मला फार खटकतो.

गीतरामायण लावशील तेव्हा शफल बंद कर. नाहीतर सेतू बांधण्याआधीच रावण मरायचा! तिथे तुला बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजातलं मिळेल. पण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी ही ५६ गीतं सुरू झाली, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे कितीतरी आवाज त्यात होते, हेही ध्यानात असू दे. सेटिंगमधलं क्रॉसफेडही शून्यावर आण. एका गाण्याच्या शेवटावर दुसऱ्याची सुरुवात चढली की समेची सगळी मजा जाते.

छोटीला झोपवताना बडबडगीतं लावतेस ना? तेव्हा प्रायव्हेट सेशन चालू ठेव, म्हणजे त्यांची गणती तुझ्या आवडीत होणार नाही.

एखाद्या नव्या मराठी गायिकेचं गाणं आवडलं, तर चार जणांना पाठव. २०२४ पासून स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १,००० वेळाही न ऐकलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. नवख्यांना तेवढा आकडा गाठणंही जड जातं.

पैसे भरायचेच तर आधी एका महिन्याचे भर. आणि आवडलेल्या गाण्यांची यादी वहीत उतरवून ठेव. विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी रेसोनेही भारतातला गाशा गुंडाळला. तिथे जमवलेल्या याद्या लोकांना दुसरीकडे पुन्हा मांडाव्या लागल्या. तू वही आजच घाल.

तुझा,
मामा