कुठल्या कामावरची माणसं?

करमाळ्याकडच्या एका तरुण इंजिनियरला डब्लिनच्या परिषदेचं बोलावणं आलं. विषय पाण्याचा. तीन दिवस भाषणं आणि चौथ्या दिवशी दुपारपासून मोकळीक. पहिल्याच रात्री त्यानं शहराच्या नकाशावर पेनानं गोल केले. ट्रिनिटी कॉलेजातलं बाराशे वर्षांपूर्वीचं 'बुक ऑफ केल्स', एकेकाळी अर्ध्या पेनीचा टोल घेणारा 1816 सालचा हापेनी पूल, टेंपल बारमधलं गाणंबजावणं. शेवटी गिनेस स्टोअरहाउस, जिथल्या जागेचा 1759 मध्ये 9000 वर्षांचा भाडेपट्टा झाला होता. तिथलं चारचं तिकीट तर काढूनच ठेवलं.

परिषदेची इमारत लिफी नदीच्या उत्तर काठावर होती, कललेल्या काचेच्या पिंपासारखी. हॉटेलातून तिथं जाताना नदीकाठच्या फरसबंदीवर काही पुतळे लागत. पहिल्या दिवशी त्यातल्या एकाच्या खांद्यावर हात टाकून त्यानं हसतमुख सेल्फी काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. पुढचे दोन दिवस तो तिथून घाईनं गेला आणि आला.

चौथ्या दिवशी तीनच्या सुमाराला तो बाहेर पडला, तेवढ्यात घरून फोन आला. आजी होती.

"आरं, तुजा फोटू आज बगितला. तुज्या शेजारची माणसं कुठल्या कामावरची रं?"

"आजी, माणसं नाहीत ती. पुतळे आहेत."

"ते दिसतंय मला. पर बरगड्या निघाल्यात त्यांच्या. हप्ता न्हाय का मिळाला त्यास्नी?"

त्याला उत्तर देता येईना. "थांब, बघून सांगतो," म्हणाला आणि फोन कानाशी धरूनच पुतळ्यांपाशी आला.

या वेळी त्यानं पाहिलं. काशाची माणसं, अंगावर चिंध्या, गालफडं बसलेली. एकाच्या खांद्यावर पोर आडवं टाकलेलं, मान लोंबलेली. सगळी एकाच दिशेनं, बंदराकडे निघालेली आणि मागं एक हडकुळं कुत्रं. रोवन गिलेस्पी या शिल्पकाराचं हे काम 1997 साली इथं उभं राहिलं. याच धक्क्यावरून 1846 च्या सेंट पॅट्रिक दिनी 'पर्सिव्हरन्स' हे जहाज उपाशी माणसं घेऊन न्यूयॉर्कला निघालं होतं. डब्लिननं हे पुतळे एखाद्या संग्रहालयात आत नेऊन ठेवले नाहीत. बँकांच्या चकचकीत इमारतींसमोर, माणसांच्या रोजच्या पायवाटेवर ठेवले, हे मला फार मोठं वाटतं.

तो वाचून सांगू लागला. 1845 मध्ये इथं बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं सगळं पोट बटाट्यावर. चार-पाच वर्षांत दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. धान्य आणि जनावरं मात्र त्याही दिवसांत जहाजांनी इंग्लंडला जात होती.

"मग सरकारनं कामं काढली का न्हाय?"

त्यानं मोबाइलवर शोधलं. काढली होती. रस्ते करायच्या, खडी फोडायच्या अशा कामांवर सात लाखांवर माणसं लागली होती. 1847 च्या वसंतात सरकारनं ती कामं बंद केली.

"बंद केली?" आजी थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आमची न्हाय पडली बंद. बहात्तरला इहिरी आटल्या, दावणी मोकळ्या झाल्या. तुजा बाप काखंत घिऊन मी खडीवर जायची. सुकडी मिळायची पोरांस्नी. लाल मिलोची भाकर गिळत न्हवती, पर व्हती. हप्ता उशिरा यायचा, पर यायचा."

1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती, हे त्यानं परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या 50 लाखांत आजी होती, हे त्याला आज कळत होतं.

"माजा उजवा डोळा तितंच गेला की," आजी सहज बोलून गेली. "कपची उडाली."

लहानपणापासून त्यानं तो बारीक झालेला डोळा पाहिला होता. म्हातारपणानं झाला असेल, असंच धरून चालला होता. याच डोळ्यानं पुतळ्यांच्या बरगड्या ओळखल्या होत्या की दुसऱ्यानं, कोण जाणे.

कानाशी गजर वाजला, चारच्या तिकिटाचा. त्यानं तो बंद केला. ज्या पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला होता, त्याच्या पायाशी, फरसबंदीवरच तो मांडी घालून बसला.

"डोळ्याला मग काय केलं गं, आजी? त्या दिवशी घरी कशी आलीस?"