पारड्याला लावलेला हात

१९७५ च्या डिसेंबरात कराडला एकावन्नावे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा देशावर आणीबाणीचा अंमल होता, जयप्रकाश नारायण मुंबईत रुग्णशय्येवर होते, आणि केंद्रीय मंत्रिमंडळातील यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असतानाही अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून भर मंडपात प्रार्थनेचे आवाहन केले. मी हात जोडले. शेजारी बसलेल्या काकांचे हात मांडीवरच राहिले.

काकांचे गुळाचे अडत दुकान होते. वडिलांच्या पश्चात माझ्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला आणि त्याचा उच्चार कधीही केला नाही. देवराष्ट्र्याच्या गरीब घरात जन्मलेला, कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेला मुलगा १९६० साली महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, याचे त्यांना घरच्या कर्त्या मुलाइतके कौतुक होते. त्या कौतुकापोटीच यशवंतराव ज्या सरकारात आहेत त्या सरकारचे प्रत्येक फर्मान त्यांना शिरसावंद्य वाटे. आमच्या आळीतील एक शिक्षक ‘मिसा’ कायद्याखाली स्थानबद्ध झाले, तेव्हा “सरकारनं विचार करूनच धरलं असेल,” एवढेच काका म्हणाले, पण पुढे महिन्या-दोन महिन्यांनी त्या शिक्षकांच्या घरी जोंधळ्याचे पोते पोहोचत राहिले, आणि ते दिवेलागणीनंतर, कोणाच्या दृष्टीस पडू नये अशा बेताने, मीच सायकलवरून नेत असे.

अंतःकरण निर्मळ असल्यावर मताला काय महत्त्व, अशी मी पुष्कळ वर्षे मनाची समजूत घातली. ती समजूत खोटी होती. ते पोते एका घरी पोहोचले. खटल्यावाचून कोंडलेल्या हजारोंच्या घरांशेजारी असे काका नव्हते, आणि ज्याच्यापर्यंत कोणाचीच दया पोहोचत नाही त्याच्याचसाठी तर जामीन, फिर्याद, न्यायासन ही सारी व्यवस्था मनुष्याने निर्माण केली आहे. ती मोडीत निघत असताना काकांनी संमती दिली. पुढे रागाच्या भरात मी त्यांच्या दयेलाच ढोंग ठरवले, तेही तितकेच असत्य होते. त्या जोंधळ्याच्या भाकरी त्या घरातील मुलांनी खाल्ल्या होत्या.

काट्यावर गुळाची ढेप चढली की काका मापाड्याला बजावीत, “पारड्याला हात लावू नकोस, काटा स्थिर होऊ दे.” समोरचा शेतकरी नात्यातला असला तर ते अधिकच दक्ष राहत. त्यांच्या राजकारणाचे माप घेताना माझी माया हाच पारड्याला लागलेला हात आहे, हे मला फार उशिरा उमगले. तो हात काढून घेतला म्हणून माया उणावली नाही, आणि मायेखातर मी आणीबाणीचे वजन रतीभरही कमी सांगणार नाही.

१९७७ साली शिक्षक सुटून आले. काका मला घेऊन त्यांच्याकडे गेले. बोलणे पावसापाण्याचे झाले. निघताना शिक्षकांच्या पत्नीने धुऊन, घडी घालून ठेवलेली रिकामी पोती आणून काकांपुढे ठेवली. काकांची मान खाली गेली. ओठ हलले, शब्द फुटला नाही. कृष्णेच्या घाटावरून आम्ही परतलो तेव्हा पोती त्यांच्याच काखेत होती. मी मागितली, तर त्यांनी दिली नाहीत.